ताईच्या गावाची सडक

सोलापूर, ज्येष्ठ, बुधवार

आज ताईला सांगावंच लागलं. नवी मोटारसडक तिच्या गावावरून जाणार नाही. सांगोल्यापर्यंतची गावं नकाशावर जोडून दोन आराखडे मीच काढले होते. तिच्या गावावरून नेली तर वाट लांबते, शिवाय ओढ्यावर पूल हवा. "एका गावासाठी पूल?" म्हणाले साहेब, आणि आखूड वाट पसंत केली. हिशेबात चूक नाही. तरी दिवसभर तो ओढाच डोळ्यांपुढे.

गेल्या पावसाळ्यात त्याच ओढ्याला पाणी होतं. गाडी इस्पितळापर्यंत आणताच आली नाही, आणि ताईची थोरली सून बाळंतपणात घरीच वारली. आता धाकटीला दिवस गेलेत.

नव्या पेठेतला बाजार करून ताई संध्याकाळी घरी आली. पिशवी खाली ठेवून तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू तरी काय करणार? पाऊस लागायच्या आत पोरीला हितं आणून ठेवते. चालंल न्हवं?"

"चालेल की, ताई." मी म्हणालो.

धाकटीची सोय झाली. पण त्या गावात आणखी बायका आहेत. त्यांचा कुणाचा भाऊ सोलापुरात नाही.