कललेला शिक्का

६ एप्रिल

अखेर नर्स म्हणून रुजू झाले. खोली एवढीशी आहे, पण खिडकीतून समुद्र दिसतो आणि मागच्या डोंगरांवर अजून बर्फ आहे. रुग्णालयाच्या फाटकाशी चेरीची तीन झाडं आहेत, तिन्ही कळ्यांनी लगडलेली. माझ्या पहिल्या नोकरीसाठीच थांबली असावीत, असं मी आपलं ठरवून टाकलं.

निघताना आईनं माझ्या नावाचा शिक्का करून दिला. पिवळसर लाकडाचा, करंगळीएवढा, खाली ‘मिनासे’ कोरलेलं. आता तू कमावती, सहीच्या जागी हाच मारायचा, बाबांचा शिक्का उसना मागायचा नाही, म्हणाली.

वॉर्डच्या मेट्रन उगाई-सान फार मऊ बोलतात. कागदावर शिक्का कसा मारायचा तेही त्यांनी शिकवलं. डावीकडे संचालकांची चौकट, मग मेट्रनची, शेवटी माझी. माझा शिक्का ताठ मारायचा नाही, जरा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो वरिष्ठांना वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. माझ्यासोबत काम करणाऱ्या ओनोदेरा-सान पन्नाशीच्या आहेत, जिभेच्या तिखट. इथं लाकडालासुद्धा कंबर असते बाई, तुझी-माझी काय कथा, म्हणाल्या. मला हसू आवरेना.

मग मेट्रन म्हणाल्या की दर कागदाला कुठं धावत येशील, शिक्का माझ्याच खणात राहू दे, सगळ्यांचे तिथंच आहेत. मी दोन्ही हातांनी दिला. घरातलीच एक झाल्यासारखं वाटलं. बाहेर फलक आहे, ‘हिंसाचाराविना दिवस : ६११’. चांगल्या ठिकाणी पडले म्हणायची.

९ एप्रिल

पाय सुजलेत, पण मजेत आहे. चादरींच्या खोलीपाशी, व्हरांड्याच्या अगदी टोकाला, एक नर्स असते. मी दिसले की कमरेतून वाकते आणि वाकलेलीच राहते. चेहरा दिसत नाही, केसांतला निळा चाप तेवढा दिसतो. मीही वाकते. नमस्कारात मला कुणी हरवलेलं नाही, पण हिच्यापुढं मीच आधी सरळ होते.

सात नंबरच्या खोलीत तातेबे-सान आहेत, संचालकांचे शाळासोबती. तिथं जाताना सगळ्या जणी जेवणाचा रिकामा ट्रे छातीपुढं धरतात. का, विचारलं. पेजेची वाटी देवापेक्षा लवकर धावून येते, कळेल तुला, असं ओनोदेरा-सान म्हणाल्या.

१५ एप्रिल

कळलं. पेज कोमट होती म्हणून तातेबे-साननी काठी हाणली. मनगट वांग्यासारखं झालंय.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं : रुग्णानं काठीनं मारलं. मेट्रननी आत बोलावलं, चहा दिला, गोड सारणाचा पाव दिला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं की मिनासे-सान, तुमच्याकडून काय कमी पडलं, याचा विचार केलात का. मग माझ्या वाक्यावर पेन्सिलीनं हलकेच लिहिलं : ‘माझ्या निष्काळजीपणामुळे हात काठीला लागला.’ ते मी माझ्या अक्षरात उतरवायचं. दोनदा माझंच वाक्य आलं, दोन्ही कागद परत आले. तिसऱ्या वेळी नीट जमलं. खणातून माझा शिक्का निघाला, वाकला.

नंतर मेट्रन आणि मी तातेबे-सानची माफी मागायला गेलो. ते ‘पुरे’ म्हणेपर्यंत मी वाकून उभी. बऱ्याच वेळानं म्हणाले. हसत होते.

फलकावर ६२०. मेट्रन चिडल्या नाहीत याचंच मला बरं वाटलं, आणि आता घरी बसून त्याचीच लाज वाटतेय.

२० एप्रिल

आज ओनोदेरा-सानच्या पाठीत काठी बसली. जेवणाच्या सुट्टीत बर्फ लावताना त्या बोलल्या. दोन वर्षांपूर्वी हा माणूस नुसता चिमटे काढायचा. वर कळवलं, तर आम्हालाच माफी मागायला नेलं. मग थोबाडीत मारायला लागला. परत आम्हीच माफी मागितली. पोराला लाडावतात तसं यांनी त्या काठीला लाडावलंय, म्हणाल्या.

विषय बदलावा म्हणून मी त्या वाकणाऱ्या नर्सबद्दल विचारलं. हल्ली ती चादरींच्या खोलीपाशी नसते, पाच नंबरच्या दाराशी येऊन उभी राहते.

ओनोदेरा-सानच्या हातातला बर्फ खाली पडला. चाप निळा आहे का, एवढंच विचारलं.

ती कुझुमी. तातेबेला हवा खायला बाहेरच्या लोखंडी जिन्यावर रोज तीच न्यायची. एके दिवशी खाली सापडली. रिपोर्टमध्ये आलं की स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पाय घसरला. खाली कुझुमीचा शिक्का, वाकलेला. ओनोदेरा-सान म्हणाल्या, अगं, कागद दुपारी झाला आणि ती सकाळीच गेली होती. मेलेली बाई शिक्का मारायला कुठून आली? पण शिक्का खणात होता ना. फलक त्यानंतरच लावला, त्यावरचे दिवस तेव्हापासूनचे आहेत.

तुम्ही गप्प का राहिलात, असं मी विचारलं. माझाही तिथंच आहे, म्हणाल्या.

२२ एप्रिल

मेट्रनकडे शिक्का परत मागितला. बँकेत लागतो, असं खोटं सांगितलं. अवश्य, उद्या देते, म्हणाल्या. मग हळूच विचारलं की आमच्यावर विश्वास नाही का तुमचा. मी चटकन वाकले, नाही नाही म्हणाले. कोण माझी मान खाली दाबतं?

आईचा फोन आला होता. मनगटाला काय झालं, विचारत होती. कपाटावर आपटलं, म्हणाले. फोन ठेवल्यावर मिनिटभर मला तसंच आठवत होतं. कपाट, त्याचा कोपरा, सगळं.

२४ एप्रिल

शिक्का मिळाला नाही. मेट्रन उद्या-उद्या करताहेत.

तातेबे-सानना पुन्हा जिन्यावर हवा खायला जायचंय. सोबत मीच हवी, असं त्यांनी संचालकांना सांगितलंय. तुमच्यावर लोभ जडलाय त्यांचा, म्हणून मेट्रननी माझं अभिनंदन केलं. मंगळवारपासून. मला फार भीती वाटते. एकदा नाही म्हणून पाहिलं. मेट्रननी ऐकूच आलं नाही असं केलं.

२५ एप्रिल

ती आता जिन्याच्या दाराशी असते. आज मी वाकले नाही. सरळ पुढं गेले, अगदी जवळ.

ती वाकलेली नाही. खांदे ताठ आहेत. मान मोडलीय, आणि डोकं नुसतं पुढं लोंब—

नाही लिहवत.

२७ एप्रिल

मेट्रन मीटिंगला गेल्या तेव्हा खण उघडला. नऊ शिक्के. कुझुमीचाही. पावणेदोन वर्षं पडून असलेला, तरी त्याची शाई ओली होती.

खाली रिपोर्टचा कागद. तारीख उद्याची. मिनासे, बाहेरचा जिना, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. डावीकडच्या दोन चौकटी रिकाम्या. माझ्या चौकटीत माझा शिक्का, कलता. आणि अक्षर—

अक्षर माझं आहे. मी हे लिहिलेलं नाही.

कागद फाडला. शिक्का घेऊन आले. मुठीत आहे. आता माझ्या नावानं कुणी काही म्हणू शकणार नाही.

ओनोदेरा-सानना फोन केला. उद्या आजारी पड, येऊ नकोस, म्हणाल्या. पण कामाची यादी लागलीय, माझ्या बदली त्यांनाच पाठवतील. त्यांची पाठ अजून सरळ होत नाही.

जाते. पण आधी खरं लिहून ठेवीन. या वहीत, माझ्या शिक्क्यानिशी.

२८ एप्रिल

सकाळचे दहा. चादरींच्या खोलीत उभ्यानं लिहितेय. फलकावर ६३३.

शिक्का ताठ मारला. कलला. वही भिंतीला टेकवून पुन्हा मारला. कलला. तीन वेळा—

मेट्रन हाक मारताहेत. तातेबे-सान खुर्चीत तयार आहेत, काठी मांडीवर.

कुझुमी जिन्याच्या दारात आहे. दोन्ही हात आडवे, चौकटीला धरलेले. अडवतेय. म्हणजे इतके दिवस ती मला—

दुसरी हाक. मिनासे-सान, वाट बघताहेत. आवाज मऊ. उशीर झाला तर माफी मागावी लागेल. तिथंच, जिन्यावर. वाकून.

लवकर लिहायला हवं. आज मला काही झालं, तर ते माझ्या निष्काळजी—

नाही. खोडलं. पुन्हा.

मला काही झालं तर ते तातेबेच्या काठीनं आणि ज्यांनी ती—

हात ऐकत नाही. पेन्सिलीचा वास येतोय. माझ्या हातात तर पेन आहे.

तिसऱ्यांदा लिहिते. मी, मिनासे चितोसे, शुद्धीवर आहे. आज जिन्यावर जे होईल, ते माझ्याच निष्काळ