मागची सीट

लोकार्नो, ११ ऑक्टोबर

प्रिय ख्रिस्तोफ,

तू आणि मुलं मजेत असाल. आम्हीही बरे आहोत, म्हणजे हातपाय शाबूत आहेत. इथे ऊन छान पडलंय, झाडांखाली चेस्टनटचा सडा आहे, आणि माझं डोकं ठणकतंय.

महिनाभर आमच्या घरात एकच विषय होता: रेल्वे की भाड्याची गाडी. मी म्हणत होते, बर्नहून रेल्वेने येऊ, पुढे दरीत जायला पोस्टाची पिवळी बस आहेच. बाबांचं म्हणणं, बस पुलापाशी सोडते, तिथून झीताआत्याच्या दारापर्यंतचा चढ त्यांच्या गुडघ्यांना झेपायचा नाही. ते खरंच आहे रे. वर म्हणतात, तुमची आई गेली, झीता नव्वदीला टेकली, यंदा नाही तर कधी भेटू तिला?

शेवटी इथपर्यंत रेल्वे आणि इथून गाडी असं ठरलं. मला गाडी येत नाही. माझा नवरा उर्स म्हणजे सपाट रस्त्यावरचा वाघ. बाबांचं लायसन्स गेल्यापासून तर... जाऊ दे, तो विषय मी काढणार नव्हते.

बाबा अर्थातच पुढे बसले. ते कधी मागे बसलेत का? गिअर बदल, हॉर्न दे, असा वळणावळणाला हुकूम. उर्स दातओठ खात चालवत होता. चर्चच्या वरच्या वळणावर बसचा तीन सुरांचा हॉर्न आला आणि बस समोर उभी. तिथला कायदा तुला माहीतच आहे, बस मागे येत नाही, तिचा ड्रायव्हर सांगेल ते गाडीवाल्याने ऐकायचं. त्याने मागच्या रुंद जागेकडे बोट दाखवलं. उर्सला घाम फुटला. मी अडवायच्या आत बाबा खाली उतरले. म्हणाले, ह्याच्या भरवशावर राहिलो तर इथेच मुक्काम.

मागे उभे राहून ते हात हलवू लागले. ये, ये, येऊ दे. उर्स बिचारा आरशात त्यांचा हात बघत मागे घेत राहिला. बसचा ड्रायव्हर अचानक ओरडायला लागला.

इथवर लिहून दोनदा उठले. लिहवत नाही.

मागचं चाक कड्याबाहेर गेलं होतं, ख्रिस्तोफ. आणि बाबा अजून हात हलवत होते. "येऊ दे, भरपूर जागा आहे."

बसमधल्या लोकांनी गाडी ओढून वर घेतली. मी बाबांना सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. ते दगडी कठड्यावर बसून राहिले. एवढंच म्हणाले, "मला तिथे रस्ता दिसत होता गं."

वसंत ऋतूपासून ते जगाला सांगत सुटलेत की पोराने डॉक्टरकडे माझ्या डोळ्यांची चुगली केली आणि माझं लायसन्स घालवलं. जेवताना तुझं नाव काढायची चोरी. पण राग मला तुझाही आहे. खरं बोलून तू मोकळा झालास, बाझेलला जाऊन बसलास, आणि निस्तरायला मी. ज्याचं म्हणणं बरोबर, त्या माणसाने ईस्टरला घरी येऊ नये असं कुठे लिहिलंय?

गाडी कशीबशी परत आणली, ती हॉटेलखाली उभी आहे. उर्स तिला हात लावायला तयार नाही. झीताचे फोन चालूच आहेत, तिला काय सांगू?

आज नाश्त्याला बाबा कॉफीत पाव बुडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ख्रिस्तोफला विचार, तो चालवेल का." पाव विरघळून कपात पडला तरी त्यांना कळलं नाही. मग म्हणाले, "मी मागे बसेन."

फोन केला असता तर तू अर्ध्यात ठेवला असतास, म्हणून हे पत्र. शुक्रवारची रेल्वे पकड, मी किल्ली घेऊन स्टेशनवर उभी असेन. माफी ते मागणार नाहीत, तूही वाट बघू नकोस. त्यांच्या पाठीसाठी मागच्या सीटवर मी उशी ठेवून आलेय.

तुझी ताई,
मार्ग्रित