अकरावा तुकडा

बंगळूर, ११ जुलै १९६१

प्रिय अण्णा,

प्रिय लिहिलं ते सवयीनं, त्यावर खूश होऊ नकोस. काल शिपायाकरवी पाठवलेला, चौकशीत द्यायचा कागद मिळाला. ऑपरेशनवेळी तानूबाईच्या पोटात रक्त टिपायचा गॉजचा मॉप राहिला तो थिएटरच्या आयेनं, ठकुबाईनं, मॉप चुकीचे मोजले म्हणून, असं त्यात लिहिलंयस. आणि खाली माझ्या सहीला जागा. मी सही केलेली नाही, करणारही नाही. आई सकाळपासून डोकं खाते आहे, की नवरा गेल्यावर तुला नर्सिंगला घातलं कोणी, तुझ्याच थिएटरात चिकटवलं कोणी. तूच. म्हणून काय तुझं पाप ठकुबाईच्या माथी मारू? अठरा वर्षं ती बाई आपले मॉप धुते, उकळते, दहा-दहाचे जुडगे बांधते. असा डाग लावून तिला काढली तर दुसरीकडे कोण उभं करील, हा विचार तरी तुला शिवला का?

लहानपणी निपाणीला आप्पाजींचा चष्मा तू फोडलास आणि नाव माझं सांगितलंस. मी मुकाट मार खाल्ला, वर भावाला वाचवलं म्हणून मिरवले. ठकुबाई तुझी बहीण नाही, अण्णा.

त्या दिवशीचं तू विसरला असशील, मी नाही. धुतलेले मॉप वाळले नव्हते, एकच जुडगा हाताशी होता. तानूबाईच्या पोटातली गाठ काढताना रक्त थांबेना, तेव्हा तूच म्हणालास, एक कापून दोन कर. गॉज पुरत नाही म्हणून आपण नेहमीच कापतो, त्यात कुणाला काही वाटेनासं झालंय. मी कापला. दहाचे अकरा झाले. ठकुबाई तेव्हा गरम पाणी आणायला गेली होती, तिला कोणी सांगितलंच नाही. शेवटी तिनं बेसिनमधले मोजले, दहा भरले, तिनं दहा सांगितले. मी म्हणाले, अण्णा, अकरा हवेत. तू मान वर न करता सरी, सरी, ठीक आहे म्हणालास आणि सुईसाठी हात पुढे केलास. मी सुई दिली. नवव्या दिवशी तानूबाई तापानं गेली. मग शवविच्छेदनात दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा निघालेल्या तुकड्याची एक कड कात्रीनं कापलेली होती. ठकुबाईच्या हातात कात्री कधीच नसते, हे तुला ठाऊक आहे. तरी तो कागद लिहिलास. लाज कशी वाटली नाही तुला?

खरं तर हे पत्र तुझ्यासाठी नाही. तुला येते आहे ती नक्कल. मूळ पत्र उद्या इस्पितळाच्या चौकशी समितीपुढे जाईल, माझ्या सहीनिशी. सुई दिल्याबद्दल माझी नोकरी गेली तर जाऊ दे. पण त्याआधी आज दुपारी तानूबाईच्या नवऱ्याला, मल्लाप्पाला, समोर बसवून वरचं सगळं वाचून दाखवलं. कारखान्यातून तसाच आला होता, कामाच्या कपड्यात. त्यानं मला एवढंच विचारलं, की अक्का, तुम्ही दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत? मी ‘मी सुई दिली’ ही ओळ त्याला पुन्हा वाचून दाखवली. उद्या तो तिथे असेल. तुलाही विचारील, काहीतरी शोधून ये.

तुझीच, कारण ते काही बदलता येत नाही,
हेमलता