सगळीकडून धरलेली कडी

जालना, २ मार्च १९४४

ती. सौ. दुर्गाआक्कास धर्मराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पंपाच्या चाकाभोवतीची पितळी कडी झिजली, पाणी चढेना, लढाईमुळं मुंबईहून दुसरी येईना आणि ऊस पिवळा पडू लागला, हे वाचून जेवणात लक्ष लागेना. पण खरं सांगू का, आनंदही झाला. घरात धातू कातायचा, पायानं फिरवायचा लेथ आणल्यापासून अख्खी गल्ली मला हसते. आता त्याला खरं काम मिळालं.

ओताऱ्याकडून पितळ ओतून घेतलं, लेथच्या चकात, म्हणजे त्याच्या पकडीत, धरलं आणि कडी आतून अशी गुळगुळीत कातली की बघत राहावं. तुमच्या गावच्या कचरूबरोबर ती पाठवली आहे. दाजी लेथला खेळणं म्हणाले होते, ते मी विसरलेलो नाही. पाणी आलं की त्यांना आठवण करून दे.

मुलांना पापे. असाच जीव लावत राहा.
तुझा धर्मराज

शहागड, ६ मार्च

चि. धर्मराज यास अनेक आशीर्वाद.

कडी बसवली, पण पंपाचं चाक तिच्यात अडकलं. ह्यांनी ती काढली आणि म्हणाले, की तुझ्या भावानं गोल म्हणून तिकोनी कडी धाडली, आता ऊस बैलांपुढं टाकायचा. मला राग आला. पण आत काडी धरून फिरवली, तर कुठं सैल, कुठं घट्ट.

दिवाळीला तुझा चक बघितला होता. त्याला तीनच जबडे. पातळ कडी तीन ठिकाणी दाबल्यावर ती दबणारच की. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात, ती कशी चहूकडून सारखी आवळते. तसं धरता येत नाही का? विहिरीत पाणी आहे आणि ऊस तहानलेला, हे बघवत नाही. आठवडाभर कसाबसा तग धरेल. जल्दी कर, नाहीतर ह्यांचं बोलणं वर्षभर मलाच ऐकावं लागेल.

माझ्या भावजयीला, वच्छलाला, आशीर्वाद. तब्येतीला जप, रागावले तरी तुझीच आहे.
दुर्गा

जालना, १० मार्च

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच लेथवर गेलो. चूक माझीच. चकात असेपर्यंत कडी गोल होती; जबडे सोडले की दबलेलं पितळ उसळलं आणि आतला गोल बिघडला.

नव्या कडीसाठी पितळ पुन्हा ओतून घेतलं. मग बाभळीचा ठोकळा लेथवर चढवला, कडी बराबर बसेल एवढी खाच त्यात कातली, ठोकळा आवळला जावा म्हणून त्याला चिरा पाडल्या आणि बाहेरून लोखंडी पट्टा बोल्टनं आवळला. पहिल्यांदा पट्टा सैल राहिला. कडी उडून चुलीपाशी गेली आणि वच्छलानं मला लेथसकट अंगणात जायला सांगितलं. दुसऱ्यांदा मात्र कडी चहूकडून सारखी धरली गेली. बाहेर काढून काडी फिरवली, कुठंही अडली नाही. आक्का, मला आनंद मावेना. आता घरातली कुठलीही पातळ वस्तू दिसली की तिला पकड करावीशी वाटते.

कडी सोबत आहे. हातोडीनं ठोकू नका, मधे लाकडी दांडा धरून हळू बसवा. जमली नाही तरी माया पातळ करू नकोस.
धर्मराज

शहागड, १५ मार्च

चि. धर्मराज यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कडी आली तेव्हा हे अंबडला गेले होते. उसाकडं बघितलं आणि मला थांबवेना. पंपाचं झाकण खोलताना मी नेहमी समोर असते, त्यामुळं कुठला नट कुठं ते माहीत होतं. आमचा सालगडी बिरू नको नको म्हणत होता, की मालक मला ठेवायचे न्हाईत. त्यालाच पाना धरायला लावला. दांड्यानं हळूहळू कडी बसवली आणि चाक हातानं फिरवलं. फिरलं रे धर्मराज, कुठंही घासलं नाही. मग पंपात पाणी भरून इंजिन चालू केलं. पाटात पाणी आलं तेव्हा मी रडले आणि बिरू नाचला.

हे आले तेव्हा अर्धा ऊस भिजला होता. मी लुगडं खोचून चिखलात उभी. त्यांनी विचारलं, की कडी कोणी बसवली. मी हातातलं खोरं त्यांच्याकडं केलं आणि म्हटलं, की ते मंग सांगते, आधी वाफ्यांची दारं धरा. त्यांनी खोरं घेतलं आणि धोतर वर खोचून ते पाण्यात उतरले.

लोभ होताच, आता अभिमानही आहे.
तुझी दुर्गाआक्का