कबद्दी

कुरुंदा, रविवार, २००८

डोकं नुसतं भणभणतंय. सकाळी अण्णानं पेपर पुढ्यात टाकला. "वाच. आपल्या सामन्याची बातमी. असं लिहावं लागतं. तू काहून त्या कॉम्प्युटरात मोबाईलच्या बातम्या लिहून राहिला? कोण वाचतंय?"

वाचली. माझीच होती! सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर टाकलेली, अण्णाच्या शेवटच्या चढाईसकट, शब्दन् शब्द. नाव मात्र वार्ताहराचं. तो तर मैदानाकडं फिरकलासुद्धा नव्हता.

अन् मथळ्यात 'कबद्दी'. इंग्रजी अक्षरांनी मराठी टाईप करताना मोठा डी दाबायचा राहिला, 'ड्डी'ची 'द्दी' झाली. ती चूक माझी. चोरानं तीसुद्धा उचलली.

अण्णाला दाखवलं. म्हणे, "छापताना होतं असं. त्यानं बातमी तुझी कशी होईल?"

सख्खा भाऊ!

दुपारी वसमतला नेट कॅफेत गेलो, ब्लॉगवरचं 'कबद्दी' दुरुस्त करायला. मग वाटलं, कशाला? तेवढाच तर पुरावा. राहू दिलं.

आत्ता घरी आलो. अण्णानं कात्रण भिंतीला चिकटवलंय. अन् मथळ्यातली 'द्दी' पेनानं गिरवून 'ड्डी' केलीय.