तीन आकड्यांनंतर थांबल्यामुळे झालेल्या गळतीबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय, तळमजला.

विषय : आमच्या घरून न केलेली तक्रार खोटी न समजण्याबाबत.
संदर्भ : "खोटी तक्रार केल्याबद्दल आपली नळजोडणी का तोडू नये" अशी आपली नोटीस.

महोदय,

आपली नोटीस काल मिळाली. फोन माझ्या नावावर असल्याने उत्तर देणे मला भाग आहे.

१. आमचा फोन इंटरनेटवरून चालतो. जुने यंत्र एका लहान डबीला, म्हणजे ॲडॉप्टरला, जोडलेले आहे. कोणते आकडे दाबल्यावर फोन कुठे लावायचा आणि नंबर संपला हे कधी समजायचे, याचे नियम त्या डबीत आपणच भरायचे असतात. ते मी भरले. घरात सासूबाई व सासरे दिवसभर एकटे असतात. अडीअडचणीला अग्निशमन दल, रुग्णवाहिका व आपला तक्रार कक्ष तीनच आकड्यांत लागावेत, म्हणून मी असा नियम घातला की, यांपैकी कोणाचेही तीन आकडे दाबून चार सेकंद पुढे काही दाबले नाही, तर नंबर पूर्ण झाला समजून फोन लावावा. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे मावशींच्या, नंबराचे पहिले तीन आकडे आपल्या कक्षाचेच आहेत, हे मला ठाऊक होते. परंतु चार सेकंदांत माणूस पुढचा आकडा दाबतोच, असा माझा समज होता. सासरेबुवांचा विचार मी केला नव्हता.

२. दोघी बहिणींचा वर्षभर अबोला होता. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी मावशी भेटायला आल्या नाहीत, हे कारण. गेल्या सोमवारी सासूबाईंनी स्वतःहून फोन करायचे ठरवले. सासरेबुवा आकडे सांगत होते, सासूबाई दाबत होत्या. तीन आकडे झाल्यावर सासरेबुवा थांबले आणि म्हणाले, "अजून विचार कर हं. मागाहून मला बोल लावशील." सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही आकडे सांगा." एवढ्यात चार सेकंद उलटून गेले व फोन आपल्याकडे लागला. उरलेले आकडे त्यांनी त्यानंतर दाबले, त्यामुळे मावशींचाच नंबर लागला असे दोघांना वाटले.

३. सासरेबुवांना कमी ऐकू येत असल्याने स्पीकर चालू होता. पुढील संभाषण त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले. आपला कर्मचारी म्हणाला, "तक्रार सांगा." मावशींनी फोन घ्यायला माणूस ठेवला असावा, असे दोघांना वाटले. सासूबाई म्हणाल्या, "एक असली तर सांगू." त्याने विचारले, "कधीपासून आहे?" उत्तर, "गेल्या वर्षापासून." "पाणी सारखं येतं का?" उत्तर, "आठवण झाली की दोन्हीकडून येतं, थांबता थांबत नाही." (आपल्या नोंदीत 'दोन ठिकाणी सतत गळती' असे आहे ते हेच.) "दोष कुठे आहे?" उत्तर, "दोष सगळा तिच्याकडचा. आमच्याकडे काही नाही." मग त्याने तिकडचा पत्ता विचारला. ज्या घरी काम करतो त्या घराचा पत्ता माणसाला ठाऊक नसावा, याचे सासूबाईंना नवल वाटले. परंतु "तिच्याकडे माणसं टिकतात कुठं, नवा असेल" असे म्हणून त्यांनी पत्ता दिला. "माणसं पाठवतो," असे ऐकल्यावर त्या समाधानाने उठल्या. बहीण मनधरणीला माणसे पाठवते आहे, असा त्यांचा समज झाला.

४. आपले पथक दुसऱ्याच दिवशी मावशींच्या फाटकासमोर पोहोचले, या तत्परतेची मी नोंद घेते. त्यांनी खोदले. गळती सापडली नाही. आणखी खोदले, तेव्हा कुदळ पाइपाला लागली. तक्रार नोंदवली गेली त्या वेळी तेथे गळती नव्हती, हे मला मान्य आहे. आता मात्र ती निश्चितपणे आहे, व ती पथकाने स्वतः पाहिली आहे. सबब, ही तक्रार फार तर वेळेआधी आलेली म्हणता येईल, खोटी नव्हे.

५. पाणी बंद झाल्याने मावशी त्याच संध्याकाळी एक पिशवी व एक रिकामी बादली घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. वर्षभराने बहिणीकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "तुझ्याकडे पाणी आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "आहे. आधी आंघोळ कर, मग भांडू." आंघोळीनंतर सासूबाईंनी ऑपरेशनचा विषय काढला. मावशींचा आवाज एकदम खाली आला. "अगं, मला कळवलं कुणी? तिसऱ्याच माणसाकडून ऐकलं, तेव्हा तू घरीसुद्धा आली होतीस. म्हटलं, हिला मी नकोच असेन." कळवण्याचे काम सासरेबुवांकडे होते. दोघींनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "मला वाटलं, तूच सांगितलं असशील." त्यानंतर दोघी बहिणी एका बाजूला असून सासरेबुवा दुसऱ्या बाजूला आहेत.

६. डबीतील तो नियम मी काढून टाकला आहे. आता छोटा नंबर लावायचा तर शेवटी हॅशचे बटण दाबावे लागते. सासरेबुवांना मध्येच हवे तितके बोलू देऊन मी चाचणी घेतली. फोन मावशींच्याच घरी लागला. तो कोणी उचलला नाही, कारण मावशी माझ्या शेजारी बसून तो वाजताना ऐकत होत्या व "माझा फोन एवढा वेळ वाजतो?" असे कौतुकाने विचारत होत्या.

तरी नोटीस मागे घ्यावी, ही विनंती.

राहिला प्रश्न खड्ड्याचा. त्याबाबत घरात एकमत नाही. पाइप जोडून खड्डा आजच बुजवावा, असे सासरेबुवांचे म्हणणे आहे. काम सावकाश आणि नीट व्हावे, पथकाला कोणी घाई करू नये, असे दोघी बहिणींचे म्हणणे आहे. मी नोकरी करते. हल्ली संध्याकाळी घरी येते तेव्हा स्वयंपाक झालेला असतो आणि आतून हसण्याचा आवाज येत असतो. सबब, माझे मत दोघींच्या बाजूने नोंदवावे.

कळावे, नळ चालू ठेवावा.

आपली नम्र,
(सही)
फोनधारक व सून

दिनांक : नोटीस मिळाल्याचा दुसरा दिवस

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत.
२) ॲडॉप्टरच्या नव्या नियमांची छापील प्रत.
३) खड्डा तातडीने बुजवण्याबाबत सासरेबुवांचा स्वतंत्र अर्ज. (तयार आहे. परंतु त्यांचा चष्मा दोघींपैकी कोणीतरी ठेवून दिल्याने सही झालेली नाही. सापडल्यावर पाठवू.)