हर्रासातला तुझा फोन

प्रिय दीप्ती,

तू माझा फोन उचलून नाही राहिली. जावईबापू म्हणतात, आई, तिले तुमचं नावही नको आहे. नको असू दे. पण वाचल्याबिगर फाडू नको. चौथी शिकलेल्या बाईनं लिहिलंय, हात दुखून राहिला.

माझं ऐकणं बिघडलंय वं. बहिरी नाही झाले. घरात एकटी असले की पालीची चुकचुकही ऐकू येते. गर्दीत मात्र सगळे आवाज एकमेकांत कालवले जातात. कळमन्याच्या मंडीत संत्र्याचे हर्रास शेजारीशेजारी चालतात, एका लिलावाची बोली दुसऱ्यात घुसते. इतकी वर्षं त्या कल्लोळातून मी आपल्या दलालाची बोली बरोबर उचलून माल घेत होते. होळीच्या आधी बाजूच्या ढिगाचा भाव ऐकून आपल्या ढिगावर हात वर केला. अर्धा सडका माल दुप्पट भावात गळ्यात पडला. बळीराम दलाल सगळ्यांसमोर म्हणाला, काकू, आता घरी बसून नातू खेळवा.

सीताबर्डीच्या डॉक्टरणीनं तपासलं, म्हणाली कान ठणठणीत आहेत. मग मी येडी झाले काय, म्हटलं. तर म्हणे, डोकं एक आवाज पकडते तेव्हा आजूबाजूच्या आवाजांले दाबून ठेवते, म्हणून तो एक साफ ऐकू येते. डोक्यातल्या काही पेशींचं कामच ते, बाकीच्यांले चूप बसवायचं. माझ्यात तेच ढिलं पडलं. मले वाटायचं, ऐकणं म्हणजे आवाज आत घेणं. औषध नाही म्हणाली. मशीन लावून पाहू, पण गोंगाटही वाढंल.

तुले सांगितलं नाही. तू पोटुशी, वरून माझी काळजी कशाले?

तुझा फोन आला तेव्हा मी हर्रासातच उभी होते. नंतर करते म्हणायले पाहिजे होतं. बळीराम ओरडत होता, ट्रक मागं येत होता, त्यात तू. दवाखान्यात जाऊन आली, एवढंच समजलं. तपासणी झाली असंल समजून मी म्हटलं, चांगलं झालं वं, एक काम मिटलं. तू फोन ठेवला. संध्याकाळी जावईबापूंनी सांगितलं, बाळ राहिलं नाही.

तू रडत होती म्हणे. पोटच्या पोरीचं रडणं मले ट्रकच्या आवाजातून वेगळं काढता आलं नाही, आणि पुढंही येणार नाही. माफी मागून काय होते? एवढंच सांगायचं होतं, ते ‘चांगलं झालं’ मी तुले नाही म्हटलं. कोणाले म्हटलं, मलेच ठाऊक नाही.

तुझीच, तू मान नाहीतर नको मानू,
माय